मामाजींच्या ओसरीवरचे चालान

आधी माफी मागते. माझे शिक्षण चौथीपर्यंत. अक्षर वाकडे आहे, ऱ्हस्व-दीर्घ चुकतात, आणि बऱ्याच दिवसांनी पेन धरला म्हणून ओळ खाली खाली उतरते. हे कोणाला दाखवायचे नाही. पण कधी शीलाच्या पोरीच्या हाती लागले, तर तिला आपला आजोबा ओळखू यावा, एवढे तरी वाचता यावे.

तिच्या आजोबांच्या तोंडून मी 'नाही' हा शब्द कधी ऐकला नाही. आमच्याकडे सासऱ्याच्या वयाच्या माणसाला सुना मामाजी म्हणतात, म्हणून मीही म्हणायची. ते आमचे शेजारी. कामठ्याजवळच्या आमच्या गावात अख्खी वस्ती त्यांना 'घेऊनजाय मामाजी' म्हणायची. कारण त्यांच्याकडे मोटारसायकल होती, आणि ती मागायला कोणीही आले तरी त्यांचे उत्तर एकच. "घेऊन जाय. चाबी खुटीले आहे."

गाडी मागायला येणारा आधी ओसरीवर बसून धानाच्या, पावसाच्या गोष्टी करायचा. मामाजी त्याला मधेच थांबवायचे. "गाडी पायजे ना? मंग पावसाले कायले धरून बसला?" तो लाजून हसायचा आणि चाबी उचलायचा. कुठे जातो, कधी आणतो, हे मामाजी विचारत नसत. पेट्रोल भरून आणले का, हेही नाही. मामीजी होत्या तोवर त्या बोलायच्या, "लोकं तुमची गाडी झिजवून रायले." मामाजी म्हणायचे, "उभी रायली त गंजते. फिरू दे."

दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते. आज या गावात, उद्या त्या गावात. पाहुणे येतात, दुकाने लागतात, रात्री दंडारीचे नाटक होते. त्या दिवसांत ती गाडी मामाजींच्या दारात दिसतच नसे. एक उतरला की दुसरा बसायचा. खरेदीसाठी गोंदियालाही तीच जायची. गोंदियाच्या चौकात कॅमेरे लागलेत हे सगळ्यांना माहीत होते. पण ते चोरांसाठी आहेत, असे आमच्या गावाने ठरवून टाकले होते.

हेल्मेट होते मामाजींकडे. त्यांच्या मुलीने, शीलाने, आणून दिले होते. पण त्यात कोंबडी अंड्यावर बसली. मी एकदा म्हटले, "मामाजी, हेल्मेट घालून जा ना." तर म्हणाले, "तिची पिल्लं निघू दे बाई, मंग घालतो." पिल्ले निघाली, पुन्हा दुसरी कोंबडी बसली.

शीलाचे सासर दरेकसाकडे. नवरा नागपूरला कामाला, पोर लहान. तिला अंगणवाडीत मदतनीस म्हणून नोकरी लागली, पण अंगणवाडी जंगलापलीकडच्या गावात. रस्ता अस्वलांचा. पोर घरी ठेवून रोज पायी जाणे-येणे जमणारे नव्हते, आणि वेळेवर हजर झाली नाही तर ते दुसऱ्या बाईला घेणार होते. मामाजींनी क्षणात ठरवले. मोटारसायकल द्यायची आणि तिच्या बदल्यात शीलासाठी जुनी स्कुटी घ्यायची. गोंदियाच्या एका दुकानदाराने सौदाही केला. पण गाडीचा नंबर फोनवर पाहिला आणि मान हलवली. "चाचा, आपके नाम पे चालान पेंडिंग है. पहले वो भरो. तब तक गाड़ी दूसरे के नाम पे नहीं होगी."

मामाजी घरी आले ते सरळ आमच्या अंगणात. "चल माह्यासंगं गोंदियाले. तुले वाचता येते. माह्या फोनमंदी काय काय आलं आहे ते पाय."

मी घाबरले. परक्या माणसापुढे माझा आवाज निघत नाही. दुकानात साखर मागायची तरी मी दुसऱ्या बाईच्या मागे उभी राहते. पण मामाजींना नाही कसे म्हणायचे? त्यांनी कोणाला म्हटले नव्हते. त्या दिवशी हेल्मेट रिकामे होते. त्यांनी त्यातला भुसा झटकला, डोक्यावर चढवले, आणि मी मागे पदर घट्ट धरून बसले.

गोंदियाला एक बाई दुकान टाकून लोकांची ऑनलाईन कामे करते. तिने मामाजींचा फोन पाहिला आणि कपाळाला हात लावला. "काका, इतने मेसेज आए, एक भी खोला नहीं?"

"पोरीनं सांगतलं होतं," मामाजी म्हणाले, "अनोळखी मेसेज आला त बोट लावायचं नाई, पैसे उडतेत. मी नाई लावलं."

ते काही खोटे नव्हते. चालानच्या नावाने फसवणारेही मेसेज येतात, ती बाई म्हणाली. म्हणून मेसेजला हात न लावता सरकारी साईटवर गाडीचा नंबर टाकून पाहायचे. तिने मला गाडीच्या कागदावरून चेसिसचे शेवटचे आकडे वाचायला सांगितले. मी वाचले. पहिल्यांदा आवाज निघाला नाही, तर मामाजी म्हणाले, "जोरानं वाच, आपण का चोरी करून रायलो?"

मग एकेक फोटो उघडू लागला. पहिल्या फोटोत भजनी मंडळाचे तिघे एका गाडीवर, आणि मधल्याच्या मांडीवर पेटी. दुसऱ्यात आमचे पोलीस पाटील, मागे बायको, तिच्या मागे सासू. मग शिंपीभाऊ दोन चौकांत दोनदा, दोन्ही वेळा तोंडात पान. मग खालच्या आळीचे दोघे दोन वेगळ्या दिवशी, मंडईचे नवे कपडे घालून. शेवटच्या फोटोत आमच्या घरचे. डोळ्यांवर काळा चष्मा, केस मागे उडत आहेत, चेहऱ्यावर असे हसू की मी लग्नातही पाहिले नाही. तो चष्मा तर मी कधीच पाहिला नव्हता. मामाजी वाकून वाकून पाहत होते. "पाय तं खरं! किती साजरे फोटो आले! मंडईतला फोटोवालाबी असे नाई काढत."

"काका, ये फोटो नहीं, जुर्माना है," ती म्हणाली. मग तिने सगळे नीट समजावले. हेल्मेट नाही त्याचे पाचशे. तिघे बसले त्याचे हजार. सगळे मिळून साडेचार हजार. गाडी ज्याच्या नावावर, चालान त्याच्या नावावर. पुन्हा पुन्हा असेच झाले तर लायसनही काही महिने बंद होऊ शकते. पुढे लायसनवर गुण मोजणार, असेही ऐकायला येते, जितके गुण जास्त तितके वाईट.

"शाळेत गेलो नाई त एकही गुण भेटला नाई," मामाजी म्हणाले, "आता म्हातारपणी सरकार घरी आणून देईन."

ती हसली, पण मग गंभीर झाली. "काका, आप नहीं चला रहे थे ना? तो शिकायत करो. कौन चला रहा था, उसका नाम दो."

मामाजींनी आपला फोन उचलून खिशात घातला. मग म्हणाले, "माह्या तोंडानं मी गाडी देल्ली. आता त्याच तोंडानं नाव सांगू? नाई जमत बाई."

तोच मी ऐकलेला त्यांचा पहिला नकार. म्हणजे वर मी लिहिले ते थोडे चुकले. असू द्या.

परतताना ते गाडीशीच बोलत होते. "पेट्रोल कमी पेते अन् दंड जास्त." पण त्यांच्याजवळ पैसे नव्हते. धान सरकारी केंद्रावर दिले होते, त्याचे पैसे, चुकारे, आले नव्हते, आणि कधी येतील ते कोणी सांगत नव्हते. इकडे शीलाचा हजर व्हायचा दिवस जवळ येत होता. तिचा रोज फोन यायचा. "बाबा, झालं का?" मामाजी म्हणायचे, "होऊन रायलं." फोन ठेवला की ओसरीवर नुसते बसून राहायचे. असे बसलेले मी त्यांना मामीजी गेल्या तेव्हाच पाहिले होते.

मी आमच्या बचत गटात होते, पण कर्ज कधी मागितले नव्हते. कारण मागायला उभे राहावे लागते. त्या आठवड्याच्या बैठकीत मी उभी राहिले. म्हटले, पाच हजार पाहिजेत.

"कायले?" अध्यक्षबाईंनी विचारले.

"गाडीच्या दंडाले."

"तुह्या घरी त गाडीच नाई!" सगळ्या हसल्या. मग मी फोटोंचे सगळे सांगितले. कोणाचे नाव घेतले नाही, पण पेटी म्हटल्यावर अध्यक्षबाईंनी पदर तोंडाला लावला. पेटीवाला त्यांचाच दीर होता. कर्ज मंजूर झाले.

भरायला आम्ही एसटीने गेलो. ऑनलाईनवाल्या बाईने साईट उघडली तर एक चालान वाढलेले. फोटो उघडला. पुढे मामाजी, डोक्यावर हेल्मेट, ताठ बसलेले. मागे मी, उघड्या डोक्याने, पदर उडालेला, तोंड आ वासलेले. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट लागते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हते. दंड समजून घ्यायला गेलो आणि त्याच वाटेवर दंड लावून घेतला! मामाजी इतके हसले की त्यांना पाणी द्यावे लागले. वरचे पाचशे मी जाण्यायेण्याला आणले होते, ते तिथेच गेले, आणि एसटीचे पैसे ऑनलाईनवाल्या बाईने दिले.

स्कुटी मिळाली. शीला वेळेवर हजर झाली. पहिल्या दिवशी तिने अंगणवाडीच्या दारात स्कुटी लावून फोटो पाठवला. मामाजींनी तो मला दाखवला, मग पुन्हा मागून घेऊन पाहिला, मग पुन्हा दाखवला.

चालान भरल्याच्या पावत्या त्या बाईने फोटोसकट छापून दिल्या होत्या. मामाजींनी त्या संदुकीत ठेवल्या नाहीत. शिजलेल्या भाताने ओसरीच्या भिंतीवर एका रांगेत चिकटवल्या. सगळ्यांत शेवटी आमची दोघांची. खाली ठळक अक्षरांत रक्कम. मी म्हटले, "मामाजी, लोकं काय म्हणतीन?"

"म्हणतीन का, गाडीचे फोटो आहेत. माही गाडी गेली, तिचे फोटोबी नाई ठेवू?"

त्यांना खरेच एवढेच वाटत होते की मनात आणखी काही होते, ते मला आजही सांगता येत नाही. गाडी नसली तरी लोक सवयीने ओसरीवर यायचे. बसायचे. भिंतीकडे नजर जायची आणि धानाच्या गोष्टी अर्ध्यावरच थांबायच्या. पोलीस पाटील तर उभ्याउभ्याच म्हणाले, "मामाजी, हा माहा फोटो काढा ना बाप्पा. माही सासू त यात भुतावानी दिसते."

"काऊन? मले त साजरी दिसते. लुगडं किती मस्त आलं आहे."

दुसऱ्या दिवशी पाटील हजार रुपये घेऊन आले. मामाजींनी हात लावला नाही. "मले कायले? कर्ज त्या शेजारच्या सुनेच्या नावाचं आहे. तिच्याकडं देजा."

मग एकेक जण आमच्या दारी येऊ लागला. माणसे माझ्यापुढे उभी राहून खाली पाहायची. मी आत पळणार कुठे? पैसे घेणे भाग होते, आणि घेतले हे बोलणेही भाग होते. शिंपीभाऊंनी एकाच चालानचे पाचशे आणले, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेले, "भाऊ, तुमचे दोन फोटो आहेत." माझे मलाच नवल वाटले. ते म्हणाले, "तू बोलतेस बी?" आणि संध्याकाळी दुसरे पाचशे आणून दिले. जो देऊन जाई त्याची पावती मामाजी पाणी लावून हळूच काढायचे आणि त्यालाच द्यायचे. "ठेव घरी. पोरांले दाखव."

आमच्या घरच्यांचे बरेच दिवस काही निघेना. एकदा जेवताना म्हणाले, "त्यांले माहा फोटो काढाले सांग ना."

मी ताटात भात वाढत होते. म्हटले, "तुमीच सांगा. चष्मा लावून जाजा, ओळखतीन."

रात्रीच पाचशे माझ्या हातावर आले. चष्मा कुठे आहे, ते मात्र अजून सांगितले नाही.

पावसाळ्याआधी शीला मामाजींना न्यायला आली. पोरीला सांभाळायला कोणी तरी हवे होते. घराला कुलूप लागले. जाताना मामाजी माझ्याशी फार बोलले नाहीत. "आता दुकानात मागं नको उभी राहू," एवढेच म्हणाले. त्यांच्या ओसरीवर आता कोणी बसत नाही. आमच्या वस्तीत आता दोघा-तिघांकडे गाड्या आहेत, पण चाब्या खिशात असतात.

धानाचे चुकारे मिळाले तेव्हा मामाजी पॅसेंजरने दरेकसाहून आले, थेट आमच्या गटाच्या बैठकीत. खिशात पूर्ण पाच हजार. अध्यक्षबाईंनी हिशोब सांगितला. साडेचार हजार जमा आहेत, बाकी पाचशे आणि व्याज. मामाजींनी पाचशेची नोट पुढे केली. मी त्यांचा हात धरला. म्हातारा माणूस, आणि सगळ्या बायांपुढे.

"ते माहे आहेत, मामाजी. डोकं माहं उघडं होतं."

"गाडी माही होती."

"तुमच्या डोक्यावर हेल्मेट होतं. फोटोत दिसते. तुमी घातलं अन् मी नाई. मंग तुमचा दंड कसा?"

मामाजी बायांकडे वळून म्हणाले, "पाहा, कशी वकिलावानी बोलून रायली!" सगळ्या हसल्या. मी माझे पाचशे ठेवले. अंडी विकून जमवलेले होते. व्याज मात्र त्यांनी मला भरू दिले नाही आणि मीही मग ताणले नाही. अध्यक्षबाईंनी नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या, आणि माझ्या नावापुढे लिहिले, कर्ज पूर्ण फिटले.