जुनंपानं डॉट इन

कोणतीही वस्तू हातात आली की भाभी ती आधी उलटी करायच्या. "वरून काय, समदंच चांगलं दिसतं. बूड बघावं." माझ्या दुकानात चहा संपला की कपसुद्धा पालथा करून बघत. एका साखरपुड्यात मुलाकडच्यांनी आणलेली चांदीची वाटी त्यांनी सगळ्यांदेखत उलटी केली, तेव्हा मुलाची आई रुसून जेवायला बसेना.

कामशेतला स्टेशनजवळ माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. भाभी मशिदीमागच्या गल्लीत राहायच्या. त्यांचे मिस्टर सायकलवरून लोणावळा-वलवणच्या बंगल्यांतून जुन्या वस्तू विकत घ्यायचे. फाटकाशी उभं राहून हाक द्यायचे, "जुनंपानं हाय का, जुनंपानंऽऽ!" तुमच्यापैकी कुणी तिकडे राहिलं असेल तर ऐकलीही असेल. भंगारवाले मोडीत काढतात ते हे जपून ठेवायचे. बिस्किटांचे पत्र्याचे डबे, जाहिरातींच्या पाट्या, काडेपेट्यांवरची चित्रं, कंदील. ते गेले तेव्हा घरात पाय ठेवायला जागा नव्हती.

पुढे एकदा भाभी माझ्याकडे आल्या. "भाऊ, हे समदं इंटरनेटवर विकायचंय. दुकान काढून द्या."

नाव काय ठेवायचं, यात आमची दुपार गेली. मी ऐटबाज इंग्रजी नावं सुचवली. "ते सांगाया माझीच जीभ वळत न्हाई. 'जुनंपानं' ठेवा." डॉट इन घेतलं. डॉट कॉमही घेऊन ठेवा, नावाची नोंदणी करा, म्हटलं तर हसल्या. "एका दुकानाला किती पाट्या लावता, भाऊ?"

धंदा चालला. त्या फोटोत गंज आणि पोचे आधी दाखवायच्या. वस्तू स्वतः हातात धरायच्या, त्यामुळे अंगठ्यावरचा भाजल्याचा डाग प्रत्येक फोटोत यायचा. लांबलांबचे शौकीन त्यांच्याकडून डोळे झाकून माल घ्यायचे.

मग साताऱ्याहून एक वयस्कर गृहस्थ आले. त्यांनी साबणाच्या जाहिरातीची पाटी भाभींच्या दारात आपटली. बोट घासलं की तिचा रंग निघत होता. "या वयात फसवलंत मला!" गल्ली गोळा झाली.

"साहेब, हे माझं न्हाई."

"मग हा हात कुणाचा?" त्यांनी मोबाइल पुढे केला.

कुणीतरी डॉट कॉम घेतलं होतं. नाव तेच, पत्ता भाभींचाच, फोटोही त्यांचेच उचललेले. माल मात्र नकली. भाभी फोटोतल्या अंगठ्याकडे बघत राहिल्या, मग स्वतःच्या. आत गेल्या, तसलीच खरी पाटी काढून आणली आणि त्या गृहस्थांच्या हातात दिली.

"नाव माझंय. मोकळ्या हातानं कसं धाडू?"

आम्ही पोलिसांत तक्रार दिली. त्यांनी ती लिहून घेतली, पुढे काही झालं नाही. वडगावला वकिलांकडे गेलो. ते म्हणाले, "हा रोजच्या बोलण्यातला शब्द आहे, बाई. नोंदणीही नाही. तुमचाच आहे हे सिद्ध करायला वर्षं जातील."

"शब्द समद्यांचा आसंल साहेब. हाक आमच्या ह्यांची व्हती."

वकिलांनी चष्मा काढून पुसला. नोटीस तयार केली. पण समोरचा माणूस कुठे बसलाय हेच कळेना, ती पाठवायची कुणाला?

फसलेली माणसं येत राहिली. कुणी शिव्या देत, कुणी नुसतंच रडवेलं. भाभी प्रत्येकाला घरातलं खरं काढून देत गेल्या. "हे तुम्ही देणं लागत नाही," मी चिडून म्हणायचो. नवीन नाव घेऊ, म्हटलं.

"आन् जुन्या नावाला लोकं थुकत ऱ्हातील, त्याचं काय?"

एकदा गेलो तर त्या रिकाम्या मांडणीला टेकून जमिनीवर बसल्या होत्या. घरात एक डबा उरला नव्हता. दारात अजून दोन माणसं उभी होती, आणि त्यांना द्यायला भाभींकडे काही नव्हतं. त्या हात जोडून एवढंच म्हणत होत्या, "माफ करा, माफ करा." ती माणसं गेल्यावर माझ्याकडे वळल्या. "चोराचं बंद व्हत न्हाई ना? मंग माझं तरी बंद करा."

मी तिथेच मोबाइलवरून दुकान बंद केलं. त्या पदर तोंडात कोंबून रडल्या. मिस्टरांच्या मयतीलाही मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं.

पुढे त्या परंदवडीला लेकीकडे गेल्या. आधी फोन यायचे, मग तेही थांबले. डॉट कॉमवर मात्र मी अधूनमधून नजर ठेवून होतो.

परवा बघतो तर ते मोकळं झालेलं. लोकांना लुटून झालं असावं, त्या माणसाने नावाचे वर्षाचे पैसे पुन्हा भरलेच नव्हते. मी तिथल्या तिथे घेऊन टाकलं, आणि लगेच भाभींना फोन लावला. लेकीने उचलला.

"काका, अम्मी गेली. महिना झाला. तुमाला कळवायचं ऱ्हाऊनच गेलं बघा."

समोर पडद्यावर नाव मिळाल्याचं लिहून आलं होतं.

"काय काम व्हतं का, काका?"

"नाही गं," मी म्हटलं. "सहज केला होता."