दोघांच्या हातावर दही

वर्ध्याच्या मॅजिस्ट्रेटनं हुकूम दिला, तसा धाकट्या काकाला नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात न्यायला एक शिपाई आला. शेजारी जमलेच, त्यांना कधी बोलवावं लागत नाही. काका कोपऱ्यात बसून शिपायाच्या हातातल्या दोराकडे बघत होता.

शिपायानं तो दोर आपल्याच वळकटीला गुंडाळला आणि आईला म्हणाला, "माय, माणूस गावाले चालला, हातावर दही नाई देत का? मले बी दे. दोघं संगंच जाऊन राह्यलो."

आईनं दोघांना दही दिलं. काकानं ते चाटलं, टोपी घातली आणि त्याच्यासोबत स्टेशनाकडे निघाला.

वर्षानं काका बरा होऊन आला. शिपायाचं नाव आम्ही विचारलंच नव्हतं. पुढं कोणताही शिपाई दारात आला, की काका त्याला दह्याशिवाय जाऊ देत नसे.