माझ्या तोंडी घातलेली स्तुती

निवृत्त माणसाला कोणी काही विचारत नाही, म्हणून कोणी विचारलं की तो लगेच भुलतो. मी भुलले. सत्तेची भाषा कशी ओळखावी हे नाशिकच्या कॉलेजात वर्षानुवर्षं शिकवलेली राज्यशास्त्राची प्राध्यापिका मी, आणि मला फशी पाडायला एक ईमेल पुरला. त्यात मला 'भारतातील नामवंत तज्ज्ञ' म्हटलं होतं. आमच्या गल्लीतल्या भाजीवाल्यापलीकडे मी कुठेच नामवंत नव्हते.

ईमेल एका परदेशी सरकारी वृत्तवाहिनीचा होता. त्या देशाचं नाव घेत नाही. तिथे निवडणुका होतात आणि निकाल आधीच ठरलेला असतो. त्या आठवड्यात तशाच दुसऱ्या एका देशाचा सर्वेसर्वा तिथे पाहुणा आला होता. गळाभेटी झाल्या, दोन करार झाले. एक असा, की दोघांच्या सरकारी वृत्तसंस्था एकमेकांच्या बातम्या जशाच्या तशा देणार. दुसरा असा, की एकीकडून पळून दुसरीकडे आसरा घेतलेले पत्रकार परत पाठवले जाणार. यावर त्यांना माझं मत हवं होतं.

दुपारी व्हिडिओ कॉल झाला. मी दहा मिनिटं इंग्रजीत बोलले, अगदी स्वच्छ बोलले. पलीकडचा तरुण शेवटी म्हणाला, "फार छान, प्रोफेसर." मला ते आवडलं, हे कबूल केलेलं बरं.

चार दिवसांनी लिंक आली. पडद्यावर मी, माझा आवाज अगदी बारीक, आणि त्यावर कुणा बाईचा मधाळ आवाज त्यांच्या भाषेत. एक शब्द कळला नाही. आमचे हे म्हणाले, "अगं, छान दिसतेयस," आणि त्यांनी तो व्हिडिओ सगळ्या नातेवाइकांना पाठवून दिला. संध्याकाळपर्यंत अंगठ्यांच्या आणि फुलांच्या इमोजींचा पाऊस. मी काय बोलले, हे एकानेही विचारलं नाही.

माझी एक जुनी विद्यार्थिनी आहे, कळवणची. त्या देशाची भाषा पुण्यात शिकून ती आता अंबडच्या एका कारखान्यात दुभाष्याचं काम करते. मशिनं बसवायला त्या देशातून इंजिनिअर येतात, त्यांच्यासाठी. तिला बोलावलं. तिने व्हिडिओ दोनदा ऐकला.

"मॅडम, तुम्ही इंग्रजीत काय बोलला होतात?"

"म्हटलं, हे दोघं मित्र नाहीत. दोघांनाही आपापल्या लोकांची भीती वाटते, म्हणून एकमेकांना धरून आहेत. तू माझ्या तुरुंगाबद्दल बोलू नकोस, मी तुझ्या तुरुंगाबद्दल बोलत नाही. अळीमिळी गुपचिळी."

"इथं तुम्ही म्हणताय, जगात भीतीचं वातावरण असताना हे दोन देश एकमेकांना धरून आहेत, साऱ्यांनी धडा घ्यावा."

"आणि तुरुंग?"

"तुरुंग नाय, मॅडम. त्याजागी फळबागा हायेत. तुम्ही द्राक्षांच्या गावच्या, तरी त्यांच्या बागा बघून तुम्हाला हेवा वाटला, असं."

मी त्या देशात पाऊल ठेवलेलं नाही.

तिने आणखी शोधलं. दुसऱ्या देशाच्या वृत्तसंस्थेनेही माझ्या तोंडची ती स्तुती दिली होती, स्वल्पविरामासकट. "करार पाळतात हो हे लोक," ती म्हणाली. तिथून ती स्तुती एका इंग्रजी वेबसाइटवर गेली, आणि तिथून आमच्या गावातल्या एका दैनिकात: नाशिकच्या प्राध्यापिकेकडून मैत्रीचं कौतुक.

दैनिकाला फोन केला. "मॅडम, बातमी पॉझिटिव्ह आहे ना? नाशिकचं नाव झालं."

"मी ते बोललेच नाही."

"मग तसं लिहून पाठवा. जागा असली तर लावू."

लिहून पाठवलं. जागा झाली नाही. वाहिनीलाही निषेधाचं पत्र पाठवलं. त्यांचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं, सहकार्याबद्दल आभार मानणारं.

मग कॉलनीच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाने सत्कार ठेवला. निदान इथे तरी खरं सांगता येईल म्हणून गेले. शाल, नारळ घेतला आणि माईक हातात येताच सगळं सांगितलं: मी काय बोलले, त्यांनी काय केलं, पत्रकारांचं काय होणार आहे. टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतले एक निवृत्त अधिकारी उठून म्हणाले, "ते ठीक आहे, मॅडम. पण असा कडक माणूस पाहिजेच हो. शिस्त राहते." टाळ्या पुन्हा पडल्या, आधीपेक्षा जोरात. या श्रोत्यांसाठी माझं वाक्य बदलायची तसदी त्या वाहिनीने उगाच घेतली. यांना खरं वाक्यही चाललं असतं, नाहीतरी ते कोण ऐकत होतं?

पुढच्या रविवारी विद्यार्थिनी पुन्हा आली. तिने माझ्या खऱ्या बोलण्याचं त्या भाषेत भाषांतर केलं आणि स्वतःच्या नावाने व्हिडिओखाली टाकलं. तासाभरात ते उडालं. तिने परत टाकलं, परत उडालं. तिसऱ्यांदा ती टाइप करायला लागली, तेव्हा मी तिचा हात धरला.

"बस कर. उद्या त्यांचेच इंजिनिअर तुझ्या कारखान्यात येतात. कोणाच्या नजरेत आलीस तर नोकरी जाईल. आपण गप्प बसलेलं बरं."

तिने फोन मांडीवर ठेवला. "मॅडम, वर्गात तुम्ही वेगळं सांगायचात," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता.

मी चहा टाकायला उठले.