धाग्याशी बोलणारा

वडगावात साडी बघायला गेलो, तेव्हा हातमागावरच्या त्या माणसाच्या झुपकेदार मिशा आणि तांबारलेले डोळे बघून मी दारातच थबकलो. तेवढ्यात धागा तुटला. आता शिवी ऐकावी लागणार, असं वाटलं. तो मात्र वाकून धाग्याला म्हणाला, "दमलीस व्हय गं? थांब, जोडतो."

मग त्याच्या बायकोनं चहा आणला. मान वर न करता तो खेकसला, "ठेव तितं!"

यातला खरा माणूस कुठला, मला काही कळेना. चहाचा घोट घेऊन तो पुन्हा धाग्यावर वाकला. "चहा लई झ्याक झालाय गं."

धागा तर शाबूत होता! मी गोंधळून तिच्याकडं पाहिलं.

"मलाच बोलत्यात," ती हळूच म्हणाली. "माझ्या तोंडाकडं बघून जमत न्हाय त्यास्नी."