भाकरीच्या वेळचा अलार्म

आधीच सांगते, या ग्रुपवरचे गूढ अनुभव वाचून हसणाऱ्यांपैकी मी एक आहे. यवतला हायवेलगत माझं टेलरिंगचं दुकान आहे. टेपने मोजता येईल तेवढंच खरं, असं मानणारी बाई मी. अंगात येणं, उतारे, लिंबू... असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. म्हणून तर हे लिहायला वर्ष लागलं. हसायचं तर हसा.

माझी धाकटी बहीण रेखा कवठे येमाईला दिलेली. तिला लहानपणापासून फिट येते. गोळ्या चालू आहेत, तरी कधी येईल नेम नाही. तिचे मिस्टर संदीपराव रांजणगावला कंपनीत आहेत. शिफ्टला जाताना फोन गेटवरच जमा करावा लागतो. सासू-सासरे सकाळीच रानात जातात, म्हणजे दुपारपर्यंत रेखा घरात एकटी. म्हणून मीच तिला फिट ओळखणारा मनगटी पट्टा घेऊन दिला. हात ठरावीक तऱ्हेने झटके देऊ लागला की पट्टा तिच्या मोबाईलला कळवतो आणि इकडे माझ्या मोबाईलवर भोंगा वाजतो. आवाज असा कर्कश, की दुसऱ्या कशाचा वाटणारच नाही.

आता गंमत बघा. पट्टा बनवणाऱ्यांनी सगळा विचार केला, पण भाकरीचा केला नाही! रेखा भाकरी थापायला बसली की पट्ट्याला वाटायचं, फिट आली. रोज साडेअकराच्या सुमारास माझ्या दुकानात बोंब. मी घाबरून फोन करायचे आणि ही पिठाच्या हाताने उचलून हसायची, "अगं ताई, भाकऱ्या थापती. जित्ती हाय मी!"

पंधरा दिवस मीही हसले. मग लग्नसराई आली, ब्लाऊजचा ढीग पडला. एकदा भोंग्याने दचकले आणि कात्री गिऱ्हाइकाच्या पैठणीच्या काठात गेली. त्या रागात मी रेखाला म्हणाले, "भाकऱ्या करताना काढून ठेवत जा की तो पट्टा! मला कामं हायेत."

"बरं ताई," एवढंच म्हणाली ती.

आठवड्याभराने, मंगळवारी, मी शाळेतल्या एका मॅडमचं माप घेत होते. भोंगा वाजला. भिंतीवरच्या घड्याळात अकरा पस्तीस. पट्टा काढायला विसरली असेल, भाकऱ्याच, असं म्हणून मी आवाज बंद केला. पुन्हा वाजला. पुन्हा बंद केला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मॅडमच म्हणाल्या, "अहो, घ्या ना फोन. कुणी अडचणीत असेल."

रेखाला लावला. नुसती रिंग... उचलेना. तिच्या शेजारच्या कमलकाकूंना लावला. "काकू, रेखाकडं पळा, लवकर!"

फोन चालूच होता. त्यांच्या चपलांचा आवाज, दार ढकलल्याचा... आणि मग, "अगं बया! परातीत तोंड घालून पडली हाय गं पोर!"

"कुशीवर वळवा! चप्पल हुंगवत बसू नका, नाकातोंडातलं पीठ काढा आधी!" मी यवतला उभी राहून ओरडत होते. एवढ्या लांबून दुसरं काय करणार होते?

किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी काकू म्हणाल्या, "घेतला... घेतला गं श्वास तिनं." मी मॅडमसमोरच खाली बसून रडले.

संध्याकाळी शिरूरच्या दवाखान्यात पोचले. आणखी थोडा उशीर झाला असता तर गुदमरली असती, असं डॉक्टर म्हणाले. "पट्ट्यानं वाचवलं बघा," मी काकूंना म्हणाले.

"पट्टा कुठं व्हता तिच्या हातात? रेखाच सांगत व्हती, त्यो कालच्या भाकऱ्यांपास्नं खिडकीत पडलाय. चार्जिंग बी संपलंय त्याचं."

तिथल्या तिथे मोबाईल उघडला. पट्ट्याचा शेवटचा संपर्क आदल्या संध्याकाळचा. मंगळवारी एकही अलार्म नाही! काकूंना केलेला कॉल मात्र आहे — अकरा अडतीसचा.

मला भास झाला म्हणाल, तर मॅडमना दुसऱ्याच दिवशी विचारलं. "अहो, तीनदा वाजला. मीच नाही का म्हणाले तुम्हाला?" संदीपरावांच्या ओळखीच्या एका कॉम्प्युटरवाल्याने फोन तपासला, पट्टा तपासला. "काहीच सापडत न्हाई ताई," म्हणाला. मग वाजलं काय? आणि नेमकं त्याच वेळी?

पण मला जास्त छळते ती दुसरीच गोष्ट. दवाखान्यात संदीपरावांनी रेखाला विचारलं, "पट्टा काढला कशाला व्हता?" तिने माझ्याकडे बघितलं.

"इसरले घालायला," ती म्हणाली, आणि चादरीखालून माझा हात धरला.

आता ती पट्टा घालूनच भाकऱ्या करते. रोज साडेअकराला दुकानात बोंब होते, गिऱ्हाइकं दचकतात, मी कात्री टाकून फोन करते. "जित्ती हाय, ताई." मग पुढचं काम.

कुणाकडे उत्तर असेल तर जरूर लिहा. आवाज बंद करायचं ते बटण मात्र मी परत दाबलेलं नाही. त्या मंगळवारी दोनदा दाबलं होतं.