मी आणि अक्का, कोचीच्या बोटीत

मागच्या महिन्यात मुंबईहून क्रूझने कोचीला जाऊन आले... आणि तेही माझ्या थोरल्या जाऊबाईंबरोबर. ज्याला ज्याला सांगितलं त्याने आधी "कुणाबरोबर?" असंच विचारलं.

कारण आमचं बोलणं जवळजवळ बंदच होतं. सासरे गेल्यावर येडगावच्या जमिनीची वाटणी झाली, विहिरीच्या पाण्यावरून दोघा भावांचं बिनसलं आणि आम्ही नारायणगावला राहायला आलो. तेव्हापासून अक्का आणि मी लग्नाकार्यातच भेटायचो. बरी आहेस ना, बरी आहे... संपलं.

क्रूझ खरं तर अक्कांच्या मुलाने, गणेशने, आईवडिलांसाठी बुक केली होती. भाऊजींनी द्राक्षाची छाटणी सोडून यायला साफ नकार दिला. तर अक्का म्हणाल्या, सुनंदा येत असेल तर जाते. गणेशचा फोन आला तेव्हा मला खरंच वाटेना.

पहिला दिवस अवघडच गेला. एवढं मोठं जहाज, लिफ्ट काय, गाण्याचे कार्यक्रम काय... आणि आम्ही दोघी डेकवरच्या खुर्च्यांत पदर सावरत समुद्राकडे बघत बसलेल्या. हवा बरी आहे, जेवण बरं आहे, एवढंच बोलणं.

संध्याकाळी सांगितलं, उद्या दिवसभर कोचीला थांबणार. टूरची बस होती, पण अक्कांना ती नको होती. ते लोक मनासारखं थांबू देत नाहीत म्हणाल्या. मग केबिनमध्ये मांडी घालून बसलो आणि मोबाईलवर मॅप उघडला.

मी एकेक वाचून दाखवत होते... फोर्ट कोची, मासे धरायची चिनी जाळी, मट्टांचेरीचा राजवाडा, मसाल्याच्या दुकानांची गल्ली. अक्कांनी मात्र आधी विचारलं, परतीची गाडी कुठून मिळणार आणि शेवटची कधी? मला हसूच आवरेना.

नारायणगावच्या जत्रेला जायचा बेत आम्ही अगदी असाच करायचो. मी नवीन लग्न होऊन आलेले. आदल्या दिवशी चुलीपुढे बसून कुजबुजत सगळं ठरायचं... धारा कधी उरकायच्या, जीप कुठे पकडायची, आधी बांगड्या की आधी भेळ. सासरे रानातून यायच्या आत आम्ही घरात हजर. मी हे बोलून दाखवलं तर अक्कांना माझ्यापेक्षा जास्त आठवत होतं. एकदा परतीची जीप चुकली आणि टोमॅटोच्या टेम्पोत क्रेटवर बसून आलो, ते सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं हसून हसून. किती वर्षांनी त्यांना असं हसताना पाहिलं...

सकाळी मात्र घोषणा झाली. जहाज बंदराला उशिरा लागणार, बाहेर जायला दुपारचा थोडाच वेळ मिळणार. आमचा बेत कोलमडला. आता एखादीच गोष्ट जमणार होती. मी म्हटलं, अक्का, तुम्हीच सांगा.

त्या हळूच म्हणाल्या, "मला त्या साध्या बोटीत बसायचंय. लोकं कामाला, बाजाराला जात्यात ना, तसली. बाकी काय बी न्हाई बघितलं तरी चालंल."

जहाजातून उतरून परत बोटीतच बसायचं? मला आधी कळेना. मग एकदम लक्षात आलं.

अक्कांचं माहेर आंबेगावच्या डोंगरात, डिंभे धरणाच्या पलीकडे. जुनी वाट पाण्याखाली गेली, मग माहेरी जायचं ते लाँचने. एकदा भातकापणीच्या दिवसांत त्यांनी मलाही नेलं होतं. मी पाण्याला घाबरून त्यांचा दंड धरून बसलेले, आणि पलीकडच्या काठावर त्यांची आई सकाळपासून वाट बघत बसलेली... पुढे आई गेली, भाऊ घोडेगावला राहायला आले. अक्कांचं लाँचमध्ये बसणंही संपलं.

कोचीत आम्ही रिक्षाने थेट धक्क्यावर गेलो. बोटीत ऑफिसची माणसं, कॉलेजच्या मुली, भाजीच्या पिशव्या. डिझेलचा वास, इंजिनाची धडधड, पाण्यावर तरंगणारी जलपर्णी. अक्का कडेच्या बाकावर बसल्या आणि कठड्यावर हात ठेवून पाणी बघत राहिल्या.

पलीकडे पोचलो, लोक उतरले. आम्ही पुन्हा तिकीट काढून त्याच बोटीत बसलो... आणि परत आल्यावर पुन्हा एकदा. तिकीटवाल्या बाई आमच्याकडे बघून हसायला लागल्या.

शेवटच्या खेपेला अक्का माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सुनंदे, वाटणी भावाभावांची झाली. आपली दोघींची कुणी केली व्हती?"

पाण्याची भीती आता राहिलेली नाही, तरीही मी त्यांचा दंड धरला. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला... बोट धक्क्याला लागेपर्यंत तो तसाच होता.

घरी आल्यावर सगळे विचारतात, कोची कसं आहे? काय सांगणार... राजवाडा बघितला नाही, मसाले घेतले नाहीत, फोटोसुद्धा काढायचा राहिला.

परवा अक्कांचा फोन आला. बागेतली फेलफूट काढायची आहे, बायका कमी पडतात, येशील का म्हणाल्या. मिस्टरांनी ऐकलं... आणि सकाळी गाडी काढून येडगावपर्यंत सोडायला तेच आले.

दिवसभर वेलींमधल्या नको त्या फुटी खुडल्या. दुपारी बांधावर बसून अक्कांच्या हातची बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. गणेश, बाळा, तू आईला समुद्र दाखवायला निघालास आणि मला माझी जाऊ परत मिळाली. तुझे आभार कसे मानू, खरंच कळत नाही...