काकूंचं मशीन आणि ओला अंगठा

प्रयोगशाळेत त्यांना सगळेच काकू म्हणत, वयाने मोठे असलेले साहेबसुद्धा. काकूंच्या ताब्यात सर्व्हरची खोली होती, आणि त्या खोलीत काकूंना किळस येत नाही अशी एकच गोष्ट होती: त्या स्वतः. बाकी सगळीकडे त्या नाक मुरडूनच बघत. चपलेला धरून ठेवणारी फरशी. एसीखालची बादली, जिच्या पाण्यावर साय धरली होती. रॅकच्या मागे कुणीतरी चिकटवलेलं च्युइंगम, ज्यावर दातांचे ठसे अजून स्पष्ट होते.

"माणसं आहेत की कोण आहेत?" काकू रोज म्हणत, आणि दाराची कडी रुमालात धरून उघडत.

या प्रयोगशाळेत रक्ताच्या काचपट्ट्यांचे मोठाले फोटो निघत आणि सर्व्हर त्यातल्या पेशी ओळखून मोजत असे. जुनं मशीन थकलं म्हणून काकूंनी साहेबांच्या डोक्यावर बसून नवं आणवलं, त्याच्यासोबत पेशी मोजायचा नवा प्रोग्रामही. आणि झालं भलतंच. जुनं मशीन खोकत खोकत जे काम दुपारपर्यंत उरकायचं, ते हे कोरं करकरीत धूड संध्याकाळपर्यंत चघळत बसू लागलं. बाहेरच्या बाकांवर रिपोर्टसाठी थांबलेले लोक घोरायला लागले.

साहेबांनी काकूंना बोलावलं. साहेबांचं वाक्य एका ठरावीक शब्दावाचून सुरूच होत नसे.

"हे बघा काकू, बेसिकली मला यातलं काही कळत नाही. पण बेसिकली शुक्रवारच्या मीटिंगला मी सांगणार. मशीन परत. पेशी मोजायचं काम बाहेरच्या कंपनीला."

"आणि मी?"

साहेबांनी पेनाच्या टोपणाने कान कोरला, टोपण निरखून पाहिलं आणि पुन्हा पेनाला लावलं. "तुमचं... बेसिकली आपण बघू."

बघू म्हणजे काय ते काकूंना बरोबर कळलं. खोली जाणार आणि खोलीबरोबर त्याही. पण त्या क्षणी त्यांच्या डोळ्यांसमोर होतं ते फक्त टोपण.

संशयित ठरलेलाच होता. मशीन विकणाऱ्या कंपनीचा माणूस, ज्याला काकू मनातल्या मनात गुळगुळीत म्हणत. केस गुळगुळीत, बूट गुळगुळीत, बोलणं तर साबण लावल्यासारखं. "नो टेन्शन मॅडम, आपलंच घर आहे!" असं म्हणून तो परक्याच्या खुर्चीत बसायचा. आणि सगळ्यात भयंकर म्हणजे, कुठलीही वस्तू उचलण्याआधी तो अंगठा चाटायचा. कागद असो, स्क्रू असो. मशीन बसवताना मेमरीची प्रत्येक पट्टी त्याने अंगठा चाटून उचलली होती. काकूंनी ते दारातून पाहिलं होतं आणि त्या दिवशी डबा न उघडता घरी नेला होता.

आता गोष्ट अशी की या मशीनमध्ये प्रोसेसर, म्हणजे हिशेब करणारे मेंदू, दोन. प्रत्येकाच्या शेजारी मेमरीच्या पट्ट्या बसवायच्या खाचा. शेजारच्या पट्टीतली माहिती पटकन हाताशी येते. पलीकडच्या प्रोसेसरच्या पट्टीतली हवी असेल तर मधला रस्ता ओलांडून जावं लागतं. सगळ्या पट्ट्या एकाच बाजूला कोंबल्या, की दुसरा प्रोसेसर कायम शेजाऱ्याच्या दारात उभा. काकूंची खात्री होती की त्या चाटऱ्याने हेच करून ठेवलंय.

त्यांनी मशीन बंद केलं, हातमोजे घातले, नाकाला रुमाल बांधला आणि झाकण उघडलं.

पट्ट्या दोन्ही बाजूंना अगदी सारख्या होत्या. प्रत्येक आपल्या खाचेत, कडेच्या खिट्ट्या घट्ट मिटलेल्या.

"शी!" काकू म्हणाल्या. "बरोबर बसवलंय मेल्याने!"

घरी आल्या तर चहासुद्धा सुखाने मिळेना. घरात स्वयंपाकघरं दोन: एक काकूंचं, एक धाकट्या जाऊबाईंचं, मध्ये लांबलचक बोळ. पूर्वी भांडणं व्हायची म्हणून सासूबाईंनी कायदा काढला होता: कुणाचं काही वेगळं नाही, एक वस्तू इकडे ठेवायची, पुढची तिकडे. काकूंनी पातेलं ठेवलं. चहापूड होती. साखर पलीकडे. बोळातून गेल्या, साखरेचा डबा उचलला तर तो तळाशी इतका चिकट की हाताबरोबर फडताळातला कागदही आला.

"अगं, हा डबा कधी पुसलास का जन्मात?"

"ताई, निम्मा तुमचाही आहे," जाऊबाई मोबाइलमधून मान न उचलता म्हणाल्या.

काकू परत आल्या. गाळणं पलीकडे. पुन्हा बोळ. चहा उतू गेला.

"सासूबाई, माझ्या ओट्याला लागतं ते माझ्या ओट्याजवळ नको का? माझे पाय आहेत की चाकं?"

"सगळं सगळ्यांचं!" सासूबाई पलंगावरून कडाडल्या. "तेव्हा तूच म्हणालीस ना, बरं झालं आई, कटकट गेली?"

काकू गाळणं हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. गाळण्यात कधीची तरी पूड वाळून बसली होती, तरी त्यांचं लक्ष गेलं नाही, यावरून काय ते समजा.

सकाळी त्यांनी मशीनला विचारलं, मेमरीचे नोड किती? म्हणजे मेमरीची वेगवेगळी घरं किती? प्रोसेसर दोन, तेव्हा उत्तर दोन यायला हवं. मशीन म्हणालं, एक.

मशीन सुरू होताना दिसणाऱ्या सेटिंगमध्ये सगळी मेमरी मिसळून टाकायचा एक पर्याय असतो. एक तुकडा इकडे, पुढचा तिकडे. तो चालू होता. आणि तो चालू केला होता काकूंनी. जुन्या मशीनवरचा प्रोग्राम अडाणी होता, एकाच बाजूची मेमरी भरत राहायचा, म्हणून तिथे हा पर्याय बरा पडायचा. तेव्हापासून नवं मशीन आलं की काकू आधी तेच करत, हात धुतल्यासारखं. नवा प्रोग्राम मात्र शहाणा होता. ज्या प्रोसेसरचं काम, त्याच्याच शेजारी त्याचं सामान मांडू बघत होता. काकूंनी त्याला बोळात पळायला लावलं होतं.

खोलीत किळस वाटावी अशी आणखी एक गोष्ट निघाली. काकू बराच वेळ आपल्याच बोटांकडे बघत बसल्या.

पर्याय बंद केला. मशीन पुन्हा सुरू. नोड दोन. पेशी अशा धडाधड मोजल्या जायला लागल्या की बाकांवरचे लोक दचकून जागे झाले.

साहेब धावत आले, मागोमाग गुळगुळीत. त्याला जाब विचारायलाच बोलावलं होतं.

"वा काकू! म्हणजे बेसिकली यानेच मेमरी चुकीची बसवली होती ना? मीटिंगला एवढंच सांगा. याच्या कंपनीला हाकलू, विषय संपला."

गुळगुळीताचा अंगठा तोंडाकडे जाता जाता थांबला. काकूंनी त्याच्याकडे पाहिलं. एक वाक्य, आणि हा अंगठा आयुष्यातून कायमचा गेला असता. मोह फार झाला.

"मेमरी त्यांनी बरोबर बसवली होती," काकू म्हणाल्या, प्रत्येक शब्द कडू औषधासारखा. "सेटिंग मी बिघडवलं. मशीन चांगलं आहे, परत करू नका."

"तुम्ही?" साहेबांनी खिशातलं पेन चाचपलं. "मग बेसिकली... मशीन राहू दे. तुम्हीही राहा. पण यापुढे तुमचं प्रत्येक सेटिंग हे कंपनीवाले तपासतील. दर आठवड्याला. इथे बसून."

"अहो मॅडम, नो टेन्शन!" गुळगुळीताला कंठ फुटला. "आपलंच घर आहे!" आणि तो काकूंच्या खुर्चीत ऐसपैस बसला.

काकूंनी कपाटातून प्लास्टिकचा स्वच्छ कागद काढला, कीबोर्डवर ताणून चारी बाजूंनी चिकटपट्टीने पक्का बसवला, आणि दोन पावलं मागे सरकल्या.

"हं," त्या म्हणाल्या. "आता चाटा."